खिडकीतून दिसेल तेवढे

नॉर्वे हे नाव मी आयुष्यात किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. सारंगखेड्यात तापीच्या काठी मी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. दरवर्षी युरोप खंडाचा धडा येई, आणि त्या खंडाच्या डोक्यावर बसलेला तो लांबोडका देश मला खडूने काढावा लागे. बाकीच्या देशांचे किनारे एका झटक्यात उरकत. पण नॉर्वेचा किनारा काढताना खडू बोटाबोटाच्या अंतरावर आत न्यायचा आणि बाहेर आणायचा. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखं दिसतंय." उपमा इतकी नेमकी होती, की मी त्याला शाबासकी दिली आणि पुढची वीस वर्षे ती माझीच म्हणून वापरली. शिक्षकाच्या धंद्यात इतकी उचलेगिरी चालायचीच.

तो कुरतडलेला भाग म्हणजे फियोर्ड. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर कोरून काढले, बर्फ वितळला, समुद्राची पातळी चढली आणि त्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले. वाक्य सोपे आहे. पण ज्या मुलांनी समुद्रच पाहिला नाही, त्यांना डोंगरात शिरलेला समुद्र कसा दाखवावा? मी सांगे, "आपला सातपुडा अगदी तापीला येऊन भिडला आहे असं समजा. दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे डोंगर आणि मध्ये नदीऐवजी समुद्र." मुले माना डोलवीत. एका वर्षी मात्र पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलाय का?"

"नाही," मी म्हणालो, "पण पुस्तकात आहे."

हे उत्तर मला तेव्हाही पुरेसे वाटले नव्हते.

पुढे योगायोग असा, की आमची धाकटी मुलगी लग्न होऊन नॉर्वेतच, बर्गेनला गेली. जावई तिथे नोकरीला. दर दिवाळीला फोनवर एकच बोलणे : "बाबा, आईला घेऊन या. फ्लोमच्या गाडीत बसवते." आणि दर दिवाळीला माझे एकच उत्तर : "पुढच्या वर्षी बघू." भाडे फार, थंडी फार, घर कोण पाहील, तुळशीला पाणी कोण घालील. खरे कारण आळस.

तो आळस कसा मोडला ते सांगायचे, तर एक कबुली द्यावी लागेल. प्रवासवर्णनात ती शोभत नाही. पण तिच्याशिवाय हे प्रवासवर्णन खरेही होणार नाही.

सौ.चा स्वभाव पहिल्यापासून नेटका. अशा बाईच्या हातून अचानक गोष्टी निसटू लागल्या. वाढताना आमटी वाटीच्या शेजारी पडे. चालताना खांदा दाराच्या चौकटीला लागे. पायाजवळ ठेवलेली बादली दिसत नसे. संध्याकाळी अंगणात उतरताना पायरी चुके. आणि प्रत्येक वेळी मी काय म्हणे? "लक्ष कुठे असतं तुझं?" कधी हसून, कधी वैतागून, आणि एकदा तर चार पाहुण्यांच्या देखत. असे दोन वर्षे चालले. ती काही बोलत नसे. हळूहळू तिने वाढायचे काम मोलकरणीकडे दिले आणि संध्याकाळी घराबाहेर पडणे सोडले. मला वाटले, वय झाले.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून शेवटी तालुक्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि चिठ्ठी देऊन आम्हांला नाशिकला धाडले. नाशिकला एका यंत्राच्या अर्धगोलात तिला डोके टेकवून बसवले. समोर नजर स्थिर ठेवायची, आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. आधी बटणाचा आवाज येत होता. मग थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटले, तपासणी संपली. संपली नव्हती. ठिपके चमकत होते. तिला दिसत नव्हते.

काचबिंदू. यात डोळ्यांतल्या दाबाने दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. नजर आधी कडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते, त्यामुळे माणूस समोरचे वर्तमानपत्र नीट वाचतो आणि पायाजवळची बादली लाथाडतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून सांभाळायची. डॉक्टर म्हणाले, "बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसत असेल यांना." सौ.ने मान हलवली. जणू कुणीतरी पहिल्यांदाच तिचे म्हणणे बरोबर समजून घेतले होते.

परतीच्या बसमध्ये ती तासभर गप्प होती. धुळ्याच्या अलीकडे म्हणाली, "अहो, तुमचा तो कुरतडलेला किनारा एकदा बघून घेऊ. आहे तोवर."

त्या 'आहे तोवर'वर मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी पासपोर्टची चौकशी करायला नंदुरबारला गेलो.

डोंगरातल्या गाडीची हौस तिची जुनीच. मी मूळचा नाशिककडचा. १९८० साली नोकरीनिमित्त सारंगखेड्यात आलो आणि वर्षभरात तिथला जावई झालो. सासरे घोड्यांचे पारखी. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीला, आमच्या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि देशभरातून घोडे येतात. त्या दिवसांत सासऱ्यांना जेवायला फुरसत नसे. ज्याला घोडा घ्यायचा तो यांना हाताला धरून नेई. दात पाहा, खूर पाहा, भोवरे पाहा, चार पावले चालवून पाहा. त्यांच्या मागे मागे फिरणारी त्यांची मुलगीही हे सगळे शिकली. लग्नानंतर पहिल्याच यात्रेत तिने मला एका घोड्याची अशी काही खोड दाखवली, की त्या दिवसापासून मी तिच्यासमोर जनावरांविषयी बोलणे बंद केले.

१९८१ च्या मे महिन्यात आम्ही माथेरानला गेलो. एस. टी.ने दोंडाईचा, तिथून आगगाडीने जळगाव, जळगावला गाडी बदलून कल्याण आणि कल्याणहून नेरळ. नेरळहून ती छोटी गाडी. रुळांची रुंदी अवघी दोन फूट, मार्ग एकवीस किलोमीटरांच्या आसपास, आणि चढ काही जागी वीस फुटांना एक फूट. पीरभॉय घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून ती १९०७ साली सुरू केली, ही माहिती मी नव्या नवरीला नेरळच्या फलाटावरच पुरवली. गाडी वळताना रूळ घोड्याच्या नालेसारखे वाकलेले पाहून ती टाळ्या पिटत म्हणाली, "नाल उलटी ठोकलीय!" डब्यांच्या मधे उभे राहून हाताने ब्रेक फिरवणारी माणसे तिला फार आवडली. चढताना नव्हे, उतरताना. "चढवायला इंजिन पुरतं," ती म्हणाली, "उतरवायला माणसं लागतात."

त्या मार्गावर एकच बोगदा आहे आणि तोही इवलासा. त्याला 'वन किस टनेल' असे नाव पडले आहे. नावाचा अर्थ सांगत बसत नाही. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात. आमची गाडी त्या बोगद्यात शिरली तेव्हा मी सौ.ला बोगदे कसे खोदतात ते समजावून सांगत होतो. माझे वाक्य पुरे होण्याआधी बोगदा संपला. नावाचे सार्थक झाले नाही. याबद्दल तिने मला चाळीस वर्षांत एकदाही बोल लावला नाही, आणि म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिले आहे.

असो. जूनमध्ये आम्ही बर्गेनला पोचलो. निघण्यापूर्वी मी फ्लोमच्या मार्गाचा शाळामास्तरी अभ्यास केला होता. वही घातली, नकाशा काढला, वीसच्या वीस बोगद्यांना क्रमांक दिले. कारण होते. उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात आले की सौ.च्या डोळ्यांना सावरायला वेळ लागतो. तेवढ्यात पुढचा बोगदा आला तर मधले सगळे गेले. शिवाय तिला एकदम सगळे दिसत नाही. बांगडीतून पाहावे तेवढे दिसते. मात्र त्या बांगडीतले स्वच्छ दिसते. तेव्हा बांगडी नेमकी कुठे धरायची, हे आधी कुणीतरी सांगायला हवे. ते काम माझे.

बर्गेनहून म्युर्दालपर्यंत दोन तासांचा प्रवास. हा ओस्लो-बर्गेन लोहमार्ग १९०९ सालचा. गाडी फियोर्डच्या काठाकाठाने निघाली आणि मी सुरू केले : "समोर बघ, थोडं वर. काळा कडा आहे. त्यावरून मोत्यांच्या माळा सोडल्यासारखे शुभ्र धबधबे..."

"किती?" सौ.ने विचारले.

"असंख्य."

"मोजा."

मी मोजले. तीन होते.

"मोत्यांच्या माळा दिसतायत, का पाठ करून आलात?" ती म्हणाली. "अहो, नसलेलं सांगू नका. दिसतं तेवढंच सांगा. बाकीचं मी बघते."

समोर बसलेला नातू फिदीफिदी हसला. बत्तीस वर्षांत माझ्या तासाला अशी तपासणी कुणी केली नव्हती. मी वहीतल्या उपमा खोडल्या आणि डोळे उघडून बसलो.

म्युर्दाल हे ८६६ मीटर उंचीवरचे स्टेशन. जून असूनही खडकांच्या खाचांत बर्फ पडून होता. इथे फ्लोमची हिरवी गाडी उभी असते. हा मार्ग वीस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या माथेरानएवढाच, आणि उतारही तसाच : कमाल अठरा मीटरांना एक मीटर. फरक इतकाच, की माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर नागमोडी रांगते आणि ही गाडी मोठ्या गाडीच्या रुंदीच्या रुळांवरून तासाभरात ८६६ मीटरांवरून समुद्रसपाटीला येते. फ्लोम स्टेशनची उंची दोन मीटर.

बांधकाम १९२०च्या दशकात सुरू झाले आणि पहिली मालगाडी धावली १९४० साली, जर्मन सैन्य देशात घुसल्यानंतर काही महिन्यांनी. वीसपैकी अठरा बोगदे माणसांनी हाताने खोदले. कडक खडकात एक मीटर पुढे सरकायला महिना लागे, असे सांगतात. या कामगारांना तिकडे 'रल्लार' म्हणतात. त्यांनी आणखी एक युक्ती केली. खालची नदी मार्गाला तीन ठिकाणी आडवी येते. पण तिथे पूल एकही नाही. त्यांनी नदीलाच बोगद्यांत घालून रुळांखालून पलीकडे नेले. हे मी सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आपल्या तापीला असं करून दाखवा म्हणावं!" पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून, झाडे-झुडपे वाहून नेणारी तापी पाहत वाढलेल्या मुलीला नदी वळवल्याचे कौतुक वाटेल, पण दरारा वाटणार नाही.

गाडी हलली आणि पहिला बोगदा आला. गडप. उजेड. "डावीकडे, खाली, तळं." तिने मान वळवली, शोधले, "हां, दिसलं, हिरवं आहे," म्हणाली आणि दुसरा बोगदा. गडप. पुन्हा उजेड. कडा. पुन्हा काळोख. डब्यातली परदेशी मंडळी कॅमेरे सरसावून एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे धावत होती. चित्र टिपायला जावे तो खिडकी काळी होई आणि सगळे हळहळत. चार-पाच वेळा असे झाल्यावर सौ. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "बघा, आता सगळ्यांना माझ्यासारखं दिसतंय. तुकड्यातुकड्यानं."

ती हसत होती. मला मात्र त्या वाक्याने एकदम तो नाशिकचा दिवस आठवला, आणि बटणाचा थांबलेला आवाज.

मग चौसफोसेन. डोंगरावरून थेट स्टेशनावर कोसळावा असा धबधबा. गाडी पाच मिनिटे खास त्याच्यासाठी थांबते. या लोहमार्गाला वीज मिळावी म्हणून याच पाण्यावर वीजघर उभारलेले आहे. १९४४ पासून गाडी विजेवर धावते. आम्ही फलाटावर उतरलो. तुषारांनी चष्मा भिजला. आवाज असा, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. तेवढ्यात कुठूनसे गाणे सुरू झाले, बाईच्या आवाजातले. उन्हाळ्यात तिथे एक नाच करतात. 'हुल्द्रा' म्हणून त्यांच्या लोककथेतली रानातली बाई आहे, दिसायला रूपवान पण मागे गायीचे शेपूट. ती माणसांना भुलवून डोंगरात नेते. आपल्याकडच्या जखिणीची ही चुलतबहीण म्हणावी.

मी वही उघडून 'हुल्द्रा : कुठे उभी राहते' हे पान शोधत होतो. सौ.ने आवाजाच्या दिशेने मान वळवली, क्षणभर थांबली आणि माझा दंड धरून ओरडली, "तिथे! लाल! पडक्या भिंतीपाशी! अहो, वही कसली बघताय?"

मी पाहिले. खरेच, पांढऱ्या पाण्याच्या कडेला लाल झग्यातली एक बाई हात पसरून नाचत होती. फलाटावरच्या गर्दीत तिला आधी पाहणाऱ्यांत आमची सौ. होती. डोळसांना सगळीकडे पाहायचे असते. तिला एकाच ठिकाणी पाहता येते, आणि ते ठिकाण तिला कानांनी दाखवले.

चौसफोसेननंतर या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा येतो, १,३४१ मीटरांचा. वहीत मी त्याच्यापुढे लिहिले होते, 'इथे काही दाखवायचे नाही. विश्रांती.' डब्यात दिवे होते. पण बाहेरच्या लख्ख उजेडातून आत आल्यावर सौ.ला काही क्षण काळोखच असतो. तिने माझा हात चाचपून धरला. दाखवायचे काही नव्हते, म्हणून की काय, इतके दिवस घशाशी अडकलेले बाहेर आले.

"मी तुला दोन वर्षं बोलत राहिलो," मी म्हणालो. "लक्ष कुठे असतं म्हणून. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर..."

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून परत येत होता.

"बोललात," ती शेवटी म्हणाली. "मलाही वाटायचं, माझंच चुकतंय. रात्री पडल्या पडल्या मी दिवसभराच्या चुका मोजायची. पाहुण्यांसमोर बोललात तो दिवस तर मी विसरले नाही, विसरणारही नाही."

मी मान खाली घातली.

"पण आता तेच उगाळत बसलात," ती म्हणाली, "तर पुढची वळणं कोण दाखवणार?" आणि थोड्या वेळाने, हात तसाच धरून, "माथेरानचा बोगदा फारच लहान होता हो."

समोर नातू बसला होता. तेव्हा पुढचे लिहिण्यासारखे काही नाही.

उजेडात आलो तेव्हा खाली दरीत जुन्या रल्लारांच्या वाटेची वळणे दिसली. एकाखाली एक एकवीस वळणे आहेत. सौ.ने ती बोटाने हवेत गिरवत, एकेक करून पाहिली. अर्ध्या वाटेवर बेरेक्वाम लागले. समोरून येणारी गाडी तिथेच काय ती ओलांडता येते. मग दरी रुंदावली, शेते आली, शेळ्या आल्या, आणि १६६७ साली बांधलेले तपकिरी लाकडी चर्च दिसले. ब्रेकची करकर ऐकत सौ. म्हणाली, "उतरवतायत बरं का, अगदी जपून." माथेरानचे ते हाताने ब्रेक फिरवणारे गडी तिच्या मनात होते, हे मला न सांगता कळले.

फ्लोमला गाडी थांबते ती जवळजवळ पाण्यापाशीच. हा ऑरलँड फियोर्ड, सोग्न फियोर्डचा एक फाटा. सोग्न फियोर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत शिरला आहे, आणि त्याची कमाल खोली १,३०८ मीटर. आकडा मला पाठ होता; पण काठावर उभे राहिल्यावर तो नव्याने कळला. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले अस्तंभा शिखर, जिथे दिवाळीत हजारो लोक अश्वत्थाम्याच्या यात्रेला रात्रभर चढून जातात, ते सुमारे १,३२५ मीटर उंच. ते अख्खे उचलून सोग्न फियोर्डच्या तळाशी ठेवले, तर जेमतेम शेंडा पाण्यावर राहील. हे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "हे आवडलं. हे पोरांना सांगायला हवं होतं."

मग तिने विचारले, "पाणी खारट आहे का?"

"अर्थात. समुद्रच आहे."

"चाखलंत?"

मी वाकून बोट बुडवले. पाणी बर्फासारखे गार, आणि चव जवळजवळ गोडी! उन्हाळ्यात डोंगरावरचे बर्फ वितळून आलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे वरच्या थरात पसरते. खारट समुद्र त्याच्याखाली असतो. कारण माझ्या ध्यानात लगेच आले. पण बोट बुडवीपर्यंत आले नव्हते. "बत्तीस वर्षं पोरांना खारट म्हणून शिकवलंत!" सौ. म्हणाली, आणि ही बातमी तिने मुलीला, जावयाला आणि नातवाला स्वतंत्रपणे सांगितली.

परतीच्या गाडीला अवकाश होता. नदीकाठाने चालत होतो. एकाएकी सौ. थांबली. "घोडा आहे."

मला दिसला नव्हता. कुंपणापलीकडे झाडाच्या सावलीत तो उभा होता आणि नुकता फुरफुरला होता. हा तिकडचा फियोर्ड घोडा. ठेंगणा, जाड मानेचा, पिवळसर रंगाचा. पाठीवरून शेपटापर्यंत काळी रेघ, आणि आयाळ मधे काळी, दोन्ही कडांना पांढरी. ती कातरून उभी ठेवतात, म्हणजे काळी पट्टी उठून दिसते. मी दिसले तेवढेच सांगितले. एक म्हातारा शेतकरी जवळ काम करीत होता. मुलीने त्याला विचारले, त्याने मान हलवली, आणि सौ. कुंपणाशी गेली.

नंतरची पाच मिनिटे मी फक्त पाहत होतो. तिने आधी आपला तळहात त्याच्या नाकापुढे धरला. मग मानेवरून, खांद्यावरून, पायावरून हात फिरवत खुरापर्यंत गेली. कपाळावरचा भोवरा बोटाने चाचपला. मग सफाईने त्याचा ओठ वर करून दात पाहिले, चेहरा अगदी जवळ नेऊन. तिची बांगडी तेवढ्याला पुरते. "डोंगरी जात आहे," ती म्हणाली. "खूर एक नंबर. वय नऊ-दहा वर्षं." मुलीने भाषांतर केले. म्हातारा अवाक होऊन पाहत राहिला आणि मग त्याने दोन्ही हातांची दहा बोटे वर केली. घोड्याच्या मानेशी उभी असलेली ती कुणाला धडपडणारी, आमटी सांडणारी बाई वाटली नसती. यात्रेत बापामागे फिरणारी ती मुलगी होती.

आम्ही जुलैमध्ये सारंगखेड्याला परतलो. रोज रात्री नऊला मी तिच्या डोळ्यांत थेंब घालतो. नजर आहे तेवढी आहे. डॉक्टर म्हणतात, तेवढी टिकली तरी पुष्कळ. शाळेने मला मुलांपुढे बोलायला बोलावले. मी फळ्यावर तोच कुरतडलेला किनारा काढला, भाकरीची उपमा कुणाची ते या वेळी सांगितले, आणि पाण्याची चवही सांगितली.

परवा वसुबारसेच्या संध्याकाळी सौ.ने अंगणाच्या कट्ट्यावर पणत्या मांडल्या. हात फिरवून अंतर घेत एकेक ठेवली, पेटवली, आणि दारात उभ्या असलेल्या मला विचारले, "ओळ सरळ आहे ना?"

मी नीट पाहिले.

"तिसरी जरा पुढे आली आहे," मी म्हणालो.

तिने बोटाने ती मागे सारली.